फिट की सिक

एकतीस वर्षं भुसावळच्या यार्डात
मी मालडब्यांची चाकं ठोकून ऐकली.
लांब दांड्याचा हातोडा, एका चाकाला एक टोला.
देवळातल्या घंटेची उपमा देणारे
यार्डात कधी आलेले नसतात.
चांगलं चाक आपलं नाव सांगितल्यासारखं वाजतं,
तडा गेलेलं नाव गिळतं.
मग खडूने लिहायचं : सिक.
डबा बाजूच्या लायनीत. संपलं.

आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
देवदाराची फळी दोन बोटांत लोंबती धरून
मधल्या बोटाच्या पेराने ठोकतो.
रंधा, टोला. रंधा, टोला.
तीन मिलिमीटरला आली की फळी बोलते
असं कुणीतरी सांगितलं होतं.
माझी पावणेतीनला बोलली,
आणि अडीचला काय म्हणाली
ते मला नीट कळलं नाही.

बाजूच्या पट्ट्या सागाच्या,
भंगाराच्या लिलावात घेतलेल्या बाकाच्या.
स्क्रूची दोन भोकं होती, बुजवली, तरी दिसतात.
या बाकावर किती माणसं बसली असतील
असलं काही मी म्हणणार नाही.
पट्टी रात्रभर हौदात भिजवली,
बॉयलरच्या जुन्या नळीत कोळसा पेटवला,
पट्टी नळीला टेकवून उभा राहिलो.
लाकूड ढकलून वाकत नाही.
ते एका क्षणी हो म्हणतं,
तेव्हा हात तिथे असावे लागतात.
दोन मोडल्या. तिसरीला हात होते.

गळ्यावर अंजन, यावलच्या बाजूचं,
काळसर तांबडं, करवतीचे दात खाणारं.
त्यावर पडद्यांच्या खाचा :
पासष्ट सेंटिमीटरला सतरा पूर्णांक अमुक-तमुकने भागायचं,
येईल तेवढं सोडायचं, उरेल त्याला पुन्हा भागायचं,
असं एकोणीस वेळा.
कौसल्या दारातून म्हणाली,
‘हे गनित शाळेत केलं असतं तं मास्तर झाले असते तुम्ही.’

मग मे महिना. सेहेचाळीस.
कूलरची टाकी दुपारीच दोनदा भरायची.
गिटार भिंतीला टांगलेली,
स्पिरिटात विरघळवलेल्या चपड्याचे अकरा हात दिलेली,
कापडाच्या बोंड्याने, गोल गोल, मनगट दुखेपर्यंत.
रात्री दीडला : टच्च.
कौसल्या झोपेत म्हणाली, पाल.
मी एकतीस वर्षं याच आवाजाच्या मागे
रुळांच्या खडीतून चाललो होतो.
दिवा न लावता ठोकून पाहिलं.
नाव गिळलं.

सकाळी खडू शोधला नाही.
साकेगावला लीलाधर बऱ्हाट्याच्या केळीत नेली.
दोन ओळींच्या मध्ये, पानांच्या ओल्या सावलीत
बाज टाकली, तिच्यावर निजवली.
लीलाधर म्हणाला, ‘पेशंट किती दिवस राहीन?’
नऊ दिवस राहिला.
रोज संध्याकाळी सायकल मारत जायचो
आणि चिरेवरून नख फिरवायचो.
आधी नख आत जायचं,
मग नखाची नुसती कड,
मग वाटायचं, आहे बहुतेक.

चिरेत सरस भरला, गरम आणि पातळ.
आतून पाच ठिगळं देवदाराची, नखाएवढी,
फळीच्या रेषांना आडव्या रेषा ठेवून.
भोकातून हात आत, मनगट अडकलेलं,
आणि आत सोडलेल्या आरशात
माझीच बोटं उलटी.
सायकलच्या ट्यूबने करकचून बांधली.

दुसऱ्या दिवशी ट्यूब सोडली. ठोकली.
आधीसारखी वाजली नाही.
जरा खालून बोलली,
तापातून उठलेल्या माणसाने
चहा मागावा तशी.
यार्डात दोनच शब्द होते.
मी शेडमध्ये बराच वेळ
तिसरा आठवत बसलो.

चर्चमागचा आल्विन आला, त्याने तारा चढवल्या,
उंबऱ्यावर पाय मुडपून वाजवत बसला.
पलीकडे एक मालगाडी यार्डात शिरत होती.
डबे मोजायची सवय; सदतिसावर चुकलो.
आल्विन थांबला.
‘अंकल, पाचव्या पडद्यावर भुणभुणते.’
म्हटलं, आण इकडे,
आणि कानस कुठे ठेवली ते शोधू लागलो.